सव्विसावं पान

दोऱ्याचं रीळ टेबलावरून घरंगळलं आणि दुपारच्या त्या निपचित शांततेत फरशीवर टक् टक् टक् करत कपाटाच्या पायापर्यंत गेलं.

ती श्वास रोखून बसली. पलंगावर ठिपकी कुशीवर वळली, ओठ दोनदा चोखल्यासारखे हलले आणि पुन्हा झोपली. पलीकडच्या खोलीत सासूबाईंचं घोरणं एका ठेक्यात चालू होतं. वाचलो, असं ती मनात म्हणाली. साडेचार वर्षांची लेक एकदा जागी झाली की कामाचा निकालच.

ठिपकीचं नाव पाळण्यातलं नव्हे. ती जन्मली तेव्हा नर्स म्हणाली होती, "अगंबाई, हा काय नुसता ठिपका!" ते चिकटलं ते चिकटलंच. अजूनही तिच्या मानेमागे, केस सुरू होतात तिथे, दुधाचा वास यायचा. आई कामावरून आली की आधी तिथे नाक खुपसायची, मग चपला काढायची.

काम होतं ग्रंथालयातल्या जुन्या पोथ्यांच्या विभागात. धूळ झाडायची, फाटलेलं सांधायचं, विस्कटलेली पानं क्रमानं लावायची आणि दोरा ओवायचा. कानामागे कायम एक मऊ ब्रश खोचलेला, म्हणून सगळे तिला ब्रशबाई म्हणत. आत्ता ती एका ताडपत्राच्या पोथीची नक्कल ओवत होती. पारदर्शक फिल्मवर काढलेली, मूळ पानाएवढी लांब अरुंद छायाचित्रं. शनिवारी सरांना, म्हणजे या पोथीवर ग्रंथ लिहिणाऱ्या तिच्या नवऱ्याच्या गुरूंना, ती हवी होती.

रीळ काढायला ती जमिनीवर पालथी झाली. रिळाच्या शेपटीनं दोन फिल्म खाली ओढल्या गेल्या होत्या. पांढऱ्या फरशीवर एकीवर एक पडलेल्या. तिनं उचलायला हात घातला आणि हात तिथेच थांबला.

दोन्ही पानांना कसरीच्या किड्यानं भोकं पाडलेली होती. सात. सातही भोकं एकमेकांवर तंतोतंत बसली होती. एक मोठं, दोन जुळी, मग चार बारीक, तिरपी जाणारी.

खालचं पान एकेचाळिसावं होतं. वरचं सव्विसावं.

हे व्हायला नको होतं. कारण किडा पोथीत शिरला की आरपार जातो. सव्विसाव्या पानावरून उडी मारून एकेचाळिसाव्यावर जात नाही. त्याची भोकं जुळली म्हणजे ती दोन पानं तीनचारशे वर्षं एकमेकांना चिकटून होती. तिला हे काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्या बाइंडरचा पहिला धडाच तो होता, "अक्षर नंतर, आधी भोक बघ. माणूस खोटं लिहील, किडा कशाला लिहील?"

तिनं बघितलं नव्हतं. ही पोथी आली तेव्हा दोरा कुजलेला, पानं पत्त्यांसारखी पिसलेली आणि आकड्यांची कड उंदरांनी खाल्लेली. त्याच महिन्यात ठिपकीला गोवर निघाला होता. मांडीवर तापलेलं पोर घेऊन तिनं अर्थाच्या आधारानं पानं लावली आणि पानांच्या क्रमाच्या तक्त्यावर सही ठोकली.

पोथी बौद्ध तांत्रिकांची होती. पहिल्या भागात दीक्षा, म्हणजे गुरूनं शिष्याला कसं स्वीकारावं याचा विधी. दुसऱ्या भागात शत्रूचं काय करावं ते. त्याला कसं सुकवावं, कसं हाकलावं आणि, एकेचाळिसाव्या पानावर, कसं वेडं करावं. करुणेचा धर्म झाला म्हणून काय, त्याच्याही माळ्यावर अडगळ असतेच. आणि एक सुटं पान असं, की त्यात नुसतं एक पेय होतं, धोत्र्याच्या बियांचं. कोणाला पाजायचं ते आधीच्या पानावर असणार. या पानावर एवढंच, की पाजणारा स्वतः पिणार नाही, आणि पिणारा नसलेल्या माणसांशी बोलेल, हवेतले धागे वेचील, त्याला वस्त्र जड होईल, तो घर ओळखणार नाही, आई ओळखणार नाही, आपलं नाव त्याला परक्याचं वाटेल.

सरांनी ते वाचलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. "बाई, ही विरक्ती आहे!" ते म्हणाले होते. "घर सुटलं, नातं सुटलं, नाव सुटलं. याहून वेगळी दीक्षा काय असते? हे पान दीक्षेतच हवं." तिनं मान डोलावली आणि पान सव्विसावं केलं.

त्या एका पानावर सरांचा ग्रंथ उभा राहिला. जुन्या भिक्षूंना दिसलं ते निव्वळ ध्यानानं नव्हे, गुरूच्या हातच्या पेल्यानंही, असं सरांचं म्हणणं. दुसरे अभ्यासक म्हणत, अहो, धोत्रा जुन्या पोथ्यांत येतो खरा, पण बहुतेक वेळा दुसऱ्याचं वाटोळं करायलाच येतो. सर त्यांना उंटावरचे शहाणे म्हणत. आणि आता परवा शनिवारी सर तो विधी पोथीबरहुकूम करून दाखवणार होते. चार शिष्य पिणार होते. पहिला पेला तिच्या नवऱ्याचा.

नवरा संध्याकाळी आला तेव्हा तिनं दोन्ही फिल्म खिडकीच्या काचेवर धरून दाखवल्या.

"बरं मग?" तो बुटाची नाडी सोडत म्हणाला.

"अरे, बरं मग काय? हे दीक्षेचं नाहीच. शत्रूला वेडं करायचं आहे ते. मी चुकीच्या जागी लावलं."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"किड्यानं."

तो इतका हसला की ठिपकीही कारण न कळता हसायला लागली. "ठिपके, ऐकलंस का? सरांची चाळीस वर्षं एका पारड्यात आणि आईचा किडा एका पारड्यात. किड्यानं पीएचडी कुठून केली गं?"

"चेष्टा नको. पिऊ नकोस तू. एवढं ऐक माझं."

त्याचा चेहरा एकदम बंद झाला. "सहा वर्षं सरांच्या पिशव्या उचलतोय मी. लोक पट्टशिष्य म्हणून टोमणे मारतात ते गिळतोय. आता कुठे माझी पाळी आली, तर तुझ्या पोटात दुखायला लागलं. होय ना?"

पालथ्या घड्यावर पाणी. तिनं फिल्म काचेवरून काढल्या.

शुक्रवारी ती सरांच्या खोलीत गेली. सर कधी आवाज चढवत नसत. त्यांना लागतच नसे. त्यांनी फिल्म टेबलावरच्या दिव्यापुढे धरल्या आणि बराच वेळ बघितलं. तिला स्पष्ट दिसलं की त्यांना कळलं आहे. त्यांच्या गालाचा एक स्नायू तेवढा हलला. मग त्यांनी फिल्म फाईलमध्ये घातल्या, फाईल खणात घातली आणि खणाला कुलूप लावलं.

"बाई, पान कोणी लावलं?"

"मी, सर."

"सही कोणाची?"

"माझी."

"मग चूक कोणाची?"

"माझी."

"बघा, किती सोपं होतं." ते हसले. "ग्रंथ छापून आला आहे. आता तुमच्या चुकीनं आम्ही चुकायचं की तुमच्या चुकीला आम्ही सांभाळून घ्यायचं, ते तुम्हीच सांगा. आणि घाबरू नका हो. थोडंसंच देणार आहे. बाळाला गुटी देतात तेवढं."

"तुम्ही पण घेणार का, सर?"

"गुरू पाजतो. पीत नाही. पोथीतच आहे." त्यांनी चष्मा पुसला. "तुमच्याच सव्विसाव्या पानावर."

शनिवारी सकाळी नवरा न जेवता, न बोलता गेला. तिनं फिल्मची दुसरी प्रत पर्समध्ये घातली आणि सासूबाईंना म्हणाली, "तासाभरात येते, हिला बघाल का?"

"का बघू?" सासूबाई पेपरातून वर न बघता म्हणाल्या. "माझ्या मुलाचा मान होतोय तिथे तू खो घालायला जाणार आणि मी इथे पोर सांभाळू? ने की बरोबर. बघू दे तिलाही आपली आई काय चीज आहे ते."

तर ठिपकीही गेली. घाईत तिचे बूट उलटसुलट घातले गेले आणि ती सगळा रस्ता बदकासारखी चालली.

विधी एका नाचाच्या क्लासच्या हॉलमध्ये होता. खाली टायरचं दुकान, वर हॉल. भिंतभर आरसे, त्यांच्यावर पांढऱ्या चादरी टाकून कपड्यांचे चिमटे लावलेले. एका कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन. मध्ये चार चटयांवर चौघे जण. तिचा नवरा, एक दातांची डॉक्टर, एक निवृत्त गणिताचे मास्तर आणि एक गायक. भिंतीला टेकून दहाबारा बघे. बुटक्या स्टुलावर स्टीलची किटली. झाकणाखालून चुरडलेल्या पाल्यासारखा कडवट, हिरवा वास येत होता.

ती सरळ मध्यभागी गेली. तिनं सगळं सांगितलं. खिडकीच्या उजेडात फिल्म धरली, भोकं दाखवली, कोणत्या पानामागे कोणतं पान होतं ते सांगितलं. "हे औषध नाही. दीक्षा नाही. एखाद्याचा सूड घ्यायचा तर हे द्यायचं. कृपा करून पिऊ नका."

"दाखवा बघू," म्हणत दातांची डॉक्टर अर्धवट उठली. गणिताच्या मास्तरांनीही मान लांब केली.

"जरूर बघा," सर म्हणाले. "फक्त एक विचारतो. बाई, ही पानं मुळात लावली कोणी?"

"मी."

"म्हणजे एकदा तुम्ही चुकलात असं तुम्हीच म्हणता. मग आज दुसऱ्यांदा चुकत नाही कशावरून? आणि तिसऱ्यांदा कधी येणार आहात, म्हणजे तेव्हा किटली लवकर उतरवू?"

हशा पिकला. दातांची डॉक्टर दात दाखवत खाली बसली. गणिताचे मास्तर म्हणाले, "संभाव्यतेचा प्रश्न आहे हो," आणि पुन्हा हशा.

तेव्हा ती वाकली आणि तिनं किटली उचलली. डावीकडे बेसिन. फार तर तीन पावलं. कोणी उठून येईपर्यंत सगळं मोरीत गेलं असतं. ती एक पाऊल निघालीही. ठिपकी तिच्या पर्सचा पट्टा धरून मागे मागे.

"ठेव ती खाली," नवरा म्हणाला.

ती थांबली.

तो उभा राहिला, सगळ्यांकडे वळला आणि पाहुण्यांपुढे सांडलेल्या चहाबद्दल माफी मागावी तशा सुरात बोलायला लागला. "माफ करा हं. हिचं मनावर घेऊ नका. बाळंतपणापासून हिचं डोकं जरा सरकलंय. पोर पाळण्यात टाहो फोडायची आणि ही बाथरूमला कडी लावून बसायची. एकदा तर मला म्हणाली, हिला कोणाला तरी देऊन टाकू या. स्वतःच्या मुलीला! तेव्हापासून आम्ही घरात हिचं ऐकून सोडून देतो."

हॉलमध्ये कोणी हसलं नाही. बघे पायांकडे बघायला लागले.

ती गोष्ट तिनं जगात एकाच माणसाला सांगितली होती. त्याच्या खांद्यात तोंड खुपसून, हुंदक्यांत, अर्धी गिळून. तो तेव्हा तिचे केस कुरवाळत राहिला होता. आणि ती गोष्ट त्यानं इतकी जपून ठेवली होती, की वेळ येताच अख्खीच्या अख्खी काढून दिली.

तिनं खाली बघितलं. ठिपकी मान वर करून आईकडे बघत होती. तोंड किंचित उघडं.

पी, असं तिच्या मनात आलं. रागानं नव्हे. राग असता तर किटली हातातून निसटली असती, आदळली असती, काहीतरी बरं झालं असतं. थंडपणे आलं. पी. अगदी पोटभर पी.

ती वळली. तिनं किटली स्टुलावर ठेवली. जीर्ण पान सांध्यावर ठेवावं तशी, सवयीच्या हातानं, एक थेंब न सांडता. मूठ नवऱ्याच्या चटईकडे वळवून ठेवली.

"चल, ठिपके."

जवळच्या बागेत तिनं ठिपकीचे बूट काढून नीट घातले आणि तिला झोक्यावर बसवलं. ठिपकी "अजून उंच, अजून उंच" म्हणत राहिली आणि ती देत राहिली. खांदा दुखेपर्यंत. हॉल तिथून पाच मिनिटांवर होता. ती कधीही परत जाऊ शकली असती. ठिपकीनं कंटाळून पाय आपटले तेव्हा तिला भान आलं, आणि मग हॉलमधून फोन आला.

बायकोसमोर कमीपणा नको म्हणून नवऱ्यानं दोन पेले घेतले होते. दातांची डॉक्टर आणि मास्तर ओकले आणि त्यानंच वाचले. गायक दोन दिवस झोपला. नवरा मात्र लाल झाला होता, भट्टीतल्या विटेसारखा. अंग कोरडं ठणठणीत आणि हात लावला तर चटका बसेल असं. डोळे नुसती काळी बुबुळं. त्यानं शर्ट फाडून फेकला होता आणि हवेतून एक एक धागा ओढून काढत कुठल्या तरी मामाशी गप्पा मारत होता. त्याला मामा नव्हताच. ती हॉलवर परतून जवळ गेली तेव्हा तो अदबीनं म्हणाला, "बाई, जरा सरकता का? तुम्ही उजेडात उभ्या आहात."

औषधाचा अंमल चार दिवसांत उतरला. पण ताप फार वर गेला होता आणि फार वेळ वर राहिला होता. डॉक्टर म्हणाले, थोडं उशिरा आणलंत. तापानं मेंदू भाजला. काही परत येईल, बरंचसं येणार नाही.

सरांनी हॉस्पिटलात सांगितलं की ही मंडळी काढे-बिढे घेत असतात, मी किती समजावतो. मग कॉरिडॉरमध्ये तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तक्त्यावरची सही जपून ठेवली आहे हं मी. चौकशी आलीच, तर कुठून सुरू होईल ते लक्षात असू द्या." तिनं औषधांची चिठ्ठी घडी घालून पर्समध्ये ठेवली. चौकशी आलीच नाही.

घरी सासूबाईंनी ते पान हातात धरलं आणि रोज तिच्या तोंडावर मारलं. "पानं लावणारी! पान लावता आलं नाही आणि माझं लेकरू घालवून बसली." भाकरी करपली तर, "चुकीच्या तव्यावर टाकली असेल." दाराची कडी राहिली तर, "राहू दे, माझ्या मुलाचं डोकं तरी कुठे जागेवर आहे." ती ऐकून घ्यायची. बरंच वाटायचं तिला ऐकून. पानाची चूक तिच्या मापाची होती. ती घालून वावरता येत होतं. दुसरीचं माप घ्यायची तिची छाती नव्हती. हॉलमधल्या बघ्यांना वाटलं होतं, बिचारी खजील होऊन गेली. तसंच राहू दे, असं तिनं ठरवलं होतं.

सहा महिन्यांनी एका रविवारी सकाळी सर घरी आले.

नवरा खिडकीशी खुर्चीत बसला होता. ठिपकी त्याला उकडलेलं अंडं भरवत होती. घास दिला की तो दर वेळी म्हणायचा, "आभारी आहे. कोणाची मुलगी तू?" आणि ठिपकी दर वेळी न कंटाळता सांगायची, "तुमचीच."

सरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं, चष्म्याच्या वरून, पान तपासावं तसं. मग पिशवीतून एक पातळ पुस्तिका काढून टेबलावर ठेवली. नवा निबंध होता. ते पान दीक्षेचं नसून शत्रूला वेडं करण्याच्या विधीतलं, म्हणजे मूळचं एकेचाळिसाव्याला लागूनचं, असं आता सरांनी सिद्ध केलं होतं. दोन पुरावे दिले होते. एक, किड्यांची भोकं. दुसरा, 'पेयाचा प्रत्यक्ष परिणाम, एक निरीक्षण'.

"निरीक्षण म्हणजे?" तिनं विचारलं.

सरांनी हनुवटीनं खिडकीकडे दाखवलं. "नाव घातलेलं नाही हो. निव्वळ 'एक तरुण पुरुष' म्हटलंय. पोथीतलं लक्षण न् लक्षण जुळलं. धागे वेचणं, नाव विसरणं. असा पुरावा आजवर कोणाकडे नव्हता. उंटावरचे सगळे खाली उतरलेत." ते उठले. "शेवटी तुमचे आभार मानलेत, बघा. भोकांचं श्रेय तुमचंच. मी कोणाचं ठेवून घेत नाही."

दारात बूट घालता घालता ते सासूबाईंना म्हणाले, "सुनेला बोल लावू नका, आजी. ही त्या दिवशी आली होती आम्हाला अडवायला. सगळ्यांसमोर पिऊ नका म्हणून हात जोडत होती. आमचंच दुर्दैव, आम्ही ऐकलं नाही." मोठ्या मनानं त्यांनी तेवढं दिलं आणि जिना उतरून गेले.

सासूबाई दाराला धरून उभ्या राहिल्या. मग तिच्याकडे आल्या. 

"तू अडवायला गेली होतीस?"

ती टेबलावरची पुस्तिका सरळ करत राहिली.

"मला वाटलं, नुसती भांडायला गेलीस. मी पोरगीसुद्धा ठेवून घेतली नाही गं." त्यांनी हात वर केला. तिला वाटलं मारतात. त्यांनी तो हात तिच्या डोक्यावर ठेवला. "आणि मी तुला सहा महिने रोज... बोलली का नाहीस? अगं, तोंड शिवलं होतं का तुझं? पोरी, तू तर त्याला वाचवत होतीस."

तो हात जड होता, उबदार होता. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच तो तिथे आला होता. तिचे डोळे भरून आले. नुसतं उभं राहायचं होतं. काही बोलायचं नव्हतं, काही खोटंही बोलायचं नव्हतं. फक्त तो हात राहू द्यायचा होता.

ठिपकीनं अंड्याची बशी खाली ठेवली. बोटं फ्रॉकला पुसली. कपाळाला आठी घालून, बराच वेळ जुळत नसलेलं काहीतरी जुळवावं तशी ती खोलीच्या मधोमध येऊन उभी राहिली.

"पण आई, तू ती किटली उचलली होतीस ना? मी तुझा पट्टा धरला होता." ती भिंतीकडे वळली आणि मोठ्यानं मोजत चालली. एक. दोन. तीन. भिंतीला हात लावून तिनं मागे बघितलं. "बेसिन तर एवढंच लांब होतं. मग तू परत बाबांसमोर का नेऊन ठेवलीस?"